वाघाच्या तोंडाइतका उंच वाफा

एका जंगलात... कोणत्या, ते विचारू नका, मुलांनो. विचारणाऱ्यांना गोष्ट उशिरा कळते. तर एका जंगलात, ओढ्याच्या अगदी काठाला, भागोजी नावाचा ससा राहत होता. त्याच्या बायकोचं नाव सगुणा.

भागोजी स्वभावाने गरीब होता. कोणी "ए भागोजी" म्हणून हाक मारली की तो कान टवकारून विचार करायचा. पण कोणी "भागोजीराव" म्हटलं की कान पाडून लगेच हो म्हणायचा. सुदैवाने अख्ख्या जंगलात त्याला भागोजीराव म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून त्याचा संसार आजवर नीट चालला होता.

तर त्या वर्षी सगुणाला दिवस गेले. आणि तिच्या पोटात काही म्हणता काही ठरेना. दूर्वा दिल्या, ओकली. बोरं दिली, ओकली. भागोजीने चार कोस पळत जाऊन शेतातलं गाजर चोरून आणलं, तर ते नुसतं लांबून बघून ओकली.

सायाळमावशी म्हणजे त्या जंगलाची सुईण. अंगभर काटे, पण हात लोण्यासारखा. तिने सगुणाचं पोट चाचपलं आणि भागोजीला बाहेर बोलावलं.

"आरं भागोजी, पोरीच्या पोटात काय ऱ्हातच न्हाई. आसंच चाललं तर पिल्लं चिचुंद्रीयेवढी व्हतील. आन् ती तरी जगतील का, कुणाला ठावं. तिला काय सोसतंय ते हुडीक."

भागोजीचं नाक भीतीने थरथरलं. तसं सशाचं नाक नेहमीच थरथरतं, पण ही थरथर निराळी होती.

आता झालं काय, की कार्तिकात हिमालयापलीकडून हंसांचा एक थवा आला आणि ओढ्यावर दोन दिवस टेकला. हंस फार डौलदार. माना काय, चाल काय! सगळं जंगल बघायला लोटलं. थवा पुढे गेला आणि मागे काठभर त्यांची शीट तेवढी राहिली. हंस कितीही डौलदार असला, तरी शीट ही शीटच असते, मुलांनो. ती बघायला कोणी लोटलं नाही.

चार दिवसांनी त्या शिटेत तीन कोंब फुटले. पांढरेशुभ्र देठ, गोल हिरवीगार पानं. सगुणा पाणी प्यायला गेली होती. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने एक कोंब कुरतडला आणि मग डोळे मिटून बसली. भागोजी पळत आला. आता ओकणार म्हणून तिची पाठ चोळायला लागला.

"पाठ सोडा," सगुणा म्हणाली. "राहिलंय पोटात. अजून आहे का?"

अजून दोन कोंब होते, पण भागोजी वळेपर्यंत ते कुजून आडवे झाले होते. ओढ्याकाठची जमीन ती. पायाने दाबली तरी पाणी वर यायचं. तिथे शेवाळाशिवाय काही टिकत नसे. म्हणजे तसं तणही यायचं भरपूर. बारीक पानांची, लालसर देठांची चिवळ जिथे तिथे पसरलेली असायची. पण ते पडलं तण. आपल्याकडे फुकट उगवतं त्याला तण म्हणतात, हे तुम्हांला शाळेत सांगितलं असेलच.

थव्यातली एक म्हातारी हंसीण मात्र पंख दुखावल्यामुळे मागे राहिली होती. भागोजी तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"आजी, ते तुमच्या... म्हणजे तुमच्या मागे जे उगवलं, ते काय हो होतं?"

"पाकचोय," हंसीण म्हणाली. "आमच्या वाटेवर शेतंच्या शेतं असतात. तात्सोयही असेल त्यात. तिची पानं चमच्यासारखी, जमिनीला चिकटून गोल पसरतात. आणि मिझुना असेल, ती करवतीसारखी. तिन्ही मोहरीच्याच घरातल्या. थंडीत महिनाभरात खायला येतात."

"माझ्याकडे कुजतात, आजी."

"कुजणारच. त्यांचे पाय ओले ठेवायचे नाहीत. वाफा उंच कर. चार बाजूंनी ओंडके लाव, आत पालापाचोळ्याचं खत आणि भुसभुशीत माती भर. वीतभर उंची पुरे. ओंडक्यांत फटी राहू देत, पाणी तिथून निघून गेलं पाहिजे. आणि हे बघ, पान कोवळं असताना खुडायचं. बाहेरची पानं खुड, मधला कोंब ठेव, म्हणजे पुन्हा फुटेल. वाट बघत बसलास तर फुलावर जाईल. फुलावर गेलेली पालेभाजी कडू होते. मग ती फक्त बघायची."

एवढं सांगून हंसीण आठ दिवसांनी उडून गेली. जाताना शिटली, हेही तिचे उपकारच.

भागोजी हातात काडी घेऊन दोन दिवस काठभर हिंडला आणि एकेक बी वेचलं. त्याला भेटलेल्या खारीने विचारलं, "काय करतोयस?" तर म्हणाला, "परदेशी बियाणं जमवतोय." खोटं नव्हतं ते.

मग त्याने ऐनाचे चार वाळके ओंडके ढकलत आणले. वारुळाची माती आणली, गव्याचं शेण आणलं, जांभळीखालचा कुजलेला पाला आणला. बिळाच्या मागच्या अंगाला वीतभर उंचीचा वाफा केला. बी टाकलं. चौथ्या दिवशी हिरवी रेघ दिसली. दाट झालेली रोपं त्याने विरळ केली आणि ती उपटलेली रोपं सगुणाला दिली. तिने ती खाल्ली. राहिली!

सायाळमावशी खूश झाली. तिने बोटांवर मोजून डोहाळजेवणाचा दिवस काढला.

"त्या दिशी पोरीच्या ताटात हिरव्या पानांचा ढीग पायजे. ढीग, बरं का. तवर रोज पसापसा देत जा. मग पिल्लं कशी गुबगुबीत व्हतात बघ."

सगळं नीट चाललं होतं. इथेच गोष्ट संपली असती तर तुम्ही आता झोपलाही असता. पण वाफा उंच होता ना. उंच गोष्ट लांबून दिसते.

ती मुंगसाला दिसली.

मुंगूस जंगलाचा चिटणीस होता. कशाचा चिटणीस, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. साप मारायचा त्याला कंटाळा आला तेव्हापासून तो चिटणीस होता. तो वाफ्याभोवती तीनदा फिरला, मागच्या पायांवर उभा राहून आत डोकावला आणि म्हणाला, "वा, भागोजीराव!"

भागोजीचे कान आपोआप पडले.

"असं काम आपल्या जंगलात आजवर झालं नाही, भागोजीराव. लोक जमिनीवर भाजी लावतात. तुम्ही जमीनच वर उचललीत!"

"तसं काही नाही, बायकोसाठी केलंय..."

"हाच तुमचा मोठेपणा. पण हे एकट्या बायकोपुरतं राहता कामा नये. हा जंगलाचा वाफा झाला पाहिजे. मी अण्णासाहेबांशी बोलतो."

अण्णासाहेब म्हणजे गवा. ते जंगलातल्या प्रत्येक गोष्टीचे अध्यक्ष होते, कारण ते एकदा खुर्चीच्या जागी बसले की त्यांना कोणी उठवू शकत नसे. दुसऱ्या दिवशी 'उंच वाफा विकास समिती' झाली. अध्यक्ष अण्णासाहेब, चिटणीस मुंगूस, सदस्य अकरा. भागोजीला 'संस्थापक सदस्य' केलं. त्याच्या अंगावर पळसाच्या पानांची शाल घातली आणि हातात श्रीफळ म्हणून बेलफळ दिलं. बेलफळ सशाला फुटत नाही, पण ते घेऊन घरी येताना भागोजीची चाल जरा हंसासारखी झाली होती.

"पानं आणलीत का?" सगुणाने विचारलं.

"अगं, समितीने ठराव केलाय. उद्घाटन होईपर्यंत पानं खुडायची नाहीत. आठच दिवस."

"वाफा कोणाचा?"

"आपलाच गं. पण आता सगळ्यांचाही आहे."

"आणि पोट कोणाचं?"

भागोजी शालीची पानं नीट करायला लागला. लाज त्याला वाटली, नाही असं नाही. पण मुंगसाने तेव्हाच बाहेरून "भागोजीराव!" अशी हाक मारली आणि तो गेला.

समितीने त्याला पहिलं काम दिलं ते खुरपणीचं. कुजलेल्या पाल्यातून चिवळीचं बी आलं होतं आणि ती परदेशी रोपांमधून मजेत पसरत होती. मुंगूस ती बघून शहारला.

"हे गावठी आपल्या वाफ्यात? उद्या पाहुणे काय म्हणतील? मुळासकट काढा, भागोजीराव."

भागोजीने सगळी चिवळ उपटली आणि ओंडक्यांपलीकडे, आपल्या बिळाच्या मागच्या दारापाशी टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवली, पुन्हा उपटून टाकली. असं आठ दिवस चाललं. सगुणा बिळाच्या तोंडाशी बसून ते बघायची.

आता उद्घाटन कोणाच्या हस्ते, हा प्रश्न आला. म्हणजे प्रश्न नव्हताच. जंगलात उद्घाटन वाघाच्याच हस्ते होतं. सुतारपक्ष्याच्या घरट्याचं, खेकड्याच्या बिळाचं, सगळ्याचं.

"पण वाघ पाला कुठे खातो?" भागोजी म्हणाला.

"उद्घाटन करणाऱ्याने ती वस्तू वापरली पाहिजे असं कुठे आहे?" मुंगूस म्हणाला. "खरी अडचण निराळीच आहे. वाफा वीतभर. म्हणजे पहिलं पान खुडायला वाघमहाराजांनी वाकायचं?"

अण्णासाहेबांचं रवंथ थांबलं.

"वाघ वाकणार नाही," ते म्हणाले. "वाफा उठला पाहिजे. महाराजांच्या तोंडाइतका."

ठराव झाला. वाघाची उंची मोजायचं काम मुंगसाकडे आलं. त्याने वाघ झोपलेला असताना, दोन टेकड्या अलीकडून, एक डोळा मिटून माप घेतलं. भीतीत माप नेहमी सैल येतं, मुलांनो. वाघ निघाला हत्तीच्या पिल्लाएवढा.

त्या मापाने गव्यांनी ओंडक्यांवर ओंडके रचले. चार दिवसांत असा कठडा उभा राहिला की बघणाऱ्याची मान दुखावी. भागोजीने व्यासपीठावर चढून आत डोकावलं. व्यासपीठ सांगायचं राहिलंच. वाघ मापापेक्षा लहान निघाला तर काय, अशी शंका एका रानडुकराला आली होती, म्हणून कठड्याला लागून एक चढतं व्यासपीठही बांधलं होतं. तर भागोजीने तिथून आत बघितलं. रोपं दूर खाली होती, तिथेच, जिथे त्याने लावली होती.

"अहो चिटणीस, माती कुठे वर घेतलीत? नुसता कठडाच वाढवलाय!"

"उद्घाटनात कठडा दिसतो, भागोजीराव. माती कोण बघतं?"

"ऊन कसं पोचेल तळाशी?"

"दुपारी बाराला पोचतं. मी स्वतः बघितलंय."

मग शेणमातीने कठडा बाहेरून-आतून सारवला. ओंडक्यांमधल्या सगळ्या फटी बुजवल्या, कारण फटी वाईट दिसतात. भागोजी म्हणाला, "पाणी कुठून जाणार?" मुंगसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही संस्थापक आहात. तांत्रिक बाबी आमच्यावर सोडा."

मग श्रमदान सुरू झालं. अकरा सदस्य रोज एकेक भोपळाभर पाणी घेऊन व्यासपीठावर चढायचे आणि सगळे बघताहेत याची खात्री करून वाफ्यात ओतायचे. माकडाने एकदा दोनदा ओतलं, कारण पहिल्या वेळी त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पाणी ओतायला सगळे होते. रोपांना पाणी हवंय का, हे विचारायला एकजण होता आणि तो संस्थापक सदस्य होता.

उद्घाटन आठ दिवसांचं पंधरा दिवसांवर गेलं. पंधराचं महिन्यावर गेलं. वाघाला वेळ नव्हता. कधी त्याचं पोट भरलेलं असायचं, म्हणून तो झोपलेला असायचा. कधी पोट रिकामं असायचं, म्हणून मुंगूस विचारायला जात नसे.

भागोजी रोज घरी येऊन सांगायचा, "उद्या नक्की." सगुणाने पहिले काही दिवस भांडण केलं, मग ते सोडून दिलं. आताशा तर ती शांत असायची. गालही जरा भरले होते. भागोजीला वाटायचं, आशेवर कसं अंग धरतं बघा! त्याला बायकोचा फार अभिमान वाटायचा आणि मग आणखीच अपराधी वाटायचं.

अखेर दिवस ठरला. आणि तो नेमका डोहाळजेवणाचाच दिवस निघाला.

आदल्या संध्याकाळी सायाळमावशीने भागोजीला वाटेत गाठलं. तिचे काटे उभे होते.

"उद्या ताटात काय घालणार हायेस? तुझं बेलफळ? आरं, बाप व्हणार ना तू? का संस्थापक व्हणार?"

तो शब्द भागोजीला काट्यापेक्षा जास्त लागला. रात्र त्याने कशीबशी काढली. पहाट फुटताच तो उठला, व्यासपीठावर चढला, कठड्यावर पाय ठेवला आणि बायकोचं नाव घेऊन आत उडी मारली.

मऊ, गार, पचाक असा आवाज झाला. तो पोटापर्यंत चिखलात रुतला.

मुलांनो, ज्या रोपांचे पाय ओले होऊ नयेत म्हणून वाफा उंच केला होता, ती रोपं आता तळ्यात उभी होती. पाकचोय पिवळी पडून आडवी झाली होती. तात्सोय कुजून काळी पडली होती. एकाच कोपऱ्यात, जरा उंचवट्यावर, तिचा एक तळहाताएवढा गोल कसाबसा हिरवा होता. मिझुना उजेड शोधत शोधत काठीसारखी वर गेली होती आणि तिच्या शेंड्यावर पिवळी फुलं आली होती. म्हणजे ती संपली होती.

भागोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी मेहनत, एवढी शीट वेचली. त्याने तो हिरवा गोल तोंडात धरला आणि उडी मारली. पण चिखलातून उडी कशी येणार? पाय वर आले तेवढेच पुन्हा खाली गेले. कठडा गुळगुळीत सारवलेला होता, नख अडकवायलाही फट नव्हती. तो दहादा उडाला आणि दहादा पडला. तेवढ्यात बाहेर ढोल वाजायला लागला.

सगळं जंगल जमलं. चितळं, सांबरं, भेकरं, सगळी व्यासपीठापासून पळायला सोयीच्या अंतरावर बसली. वाघ आला. तो अजून म्हातारा झाला नव्हता, पण उद्घाटनांनी दमला होता. मागच्या आठवड्यात शिंपी पक्ष्यांच्या शिवणवर्गाला गेला होता आणि तिथे खायला काहीच नव्हतं. त्यामुळे आज तो उपाशी होता.

"इथे काय आहे?" त्याने मुंगसाला हळूच विचारलं.

"पालेभाजी, महाराज."

वाघाच्या मिशा खाली आल्या. पण लोक बघत होते, म्हणून तो व्यासपीठावर चढला आणि त्याने कठड्यातून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याच्या मिशा पुन्हा वर गेल्या.

"या भाजीला कान आहेत," तो पुटपुटला.

भागोजी मिझुनाच्या फुलांआड दबला होता. आता लपण्यात अर्थ नव्हता. तोंडातलं पान सावरत तो म्हणाला, "महाराज, खाऊ नका. मी इथला संस्थापक सदस्य आहे."

"अस्सं?" वाघ मायेने म्हणाला. "मग काळजी करू नकोस. कुठल्याही संस्थेत पहिल्यांदा संस्थापकच जातो. तशी रीतच आहे."

मग तो लोकांकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "ही पालेभाजी बघून मला फार आनंद झाला आहे. मी ती आत्ताच, सर्वांसमोर, चाखणार आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुंगसाच्या डोळ्यांत अश्रू आले. वाघ आत झेप घ्यायला वाकला, तेवढ्यात अण्णासाहेब पुढे झाले.

"महाराज, क्षमा असावी. आधी अध्यक्षीय भाषण. मग चाखणं."

"नंतर केलं तर?"

"कार्यक्रमपत्रिकेत तसं नाही, महाराज."

वाघ गव्याला अंगावर घेत नाही, निदान उपाशीपोटी आणि एकटा असताना तरी नाही. "आटपा थोडक्यात," तो म्हणाला.

"थोडक्यातच बोलतो," अण्णासाहेब म्हणाले. "बंधूंनो आणि भगिनींनो, कोट्यवधी वर्षांपूर्वी पृथ्वी हा एक तप्त गोळा होता..."

भागोजीने डोळे मिटले. त्याला पिल्लं दिसली, न झालेली. त्यांना कोणीतरी सांगत होतं की तुमचा बाप फार मोठा होता, त्याला पानांची शाल मिळाली होती. त्याला स्वतःचा मनापासून राग आला. पृथ्वी हळूहळू थंड होत होती. पहिलं शेवाळ आलं, पहिला नेचा आला. वाघ जांभया देत होता आणि प्रत्येक जांभईत भागोजीला त्याचा घसा दिसत होता.

अण्णासाहेब पहिल्या पानाच्या जन्मापर्यंत आले, तेव्हा भागोजीला पायाखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. मग खरवडण्याचा आवाज आला. मग चिखल गोल फिरायला लागला. आणि कठड्याच्या बुडाशी, बिळाच्या बाजूला, भसकन एक भोक पडलं. सगळं पाणी, सगळा चिखल, कुजलेली पाकचोय आणि संस्थापक सदस्य, सगळे त्या भोकातून एकदम बाहेर गेले.

पलीकडे सगुणा उभी होती. पोट एवढं मोठं, पंजे कोपरापर्यंत मातीत.

"या," ती म्हणाली. "ताटं मांडलीत."

इकडे अण्णासाहेबांचं भाषण संपलं. वाघ उतावीळपणे आत वाकला. आत फक्त ओली माती होती आणि मधोमध एक उंच, पिवळ्या फुलांची काठी. त्याने सगळे कोपरे बघितले. मग मागे बघितलं. सगळं जंगल श्वास रोखून त्याच्याकडे बघत होतं. चाखणार असं तो स्वतःच मोठ्याने बोलला होता.

वाघाने मिझुना खाल्ली. फुलावर गेलेली. हंसीणआजी काय म्हणाली होती, आठवतं ना? तीच ती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"महाराज भारावले!" मुंगूस ओरडला.

संध्याकाळपर्यंत जंगलभर बातमी झाली की वाघाने पालेभाजी खाल्ली, ती त्याला इतकी आवडली की तो रडला, आणि आता तो शाकाहारी झाला आहे. समितीने वाफ्याच्या उत्तम निचऱ्याबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं. चितळं, सांबरं आणि भेकरं निर्धास्त झाली आणि वाघाच्या गुहेसमोर चरायला जाऊ लागली. त्या आठवड्याइतकं वाघ आयुष्यात कधी जेवला नव्हता.

पण ते नंतर. त्या दुपारी बिळात डोहाळजेवण झालं. सगुणाच्या केसांत सायाळमावशीने तिळाची फुलं खोवली होती. भागोजी चिखलाने माखलेला, मान खाली घालून बसला होता. त्याने तोंडातलं तात्सोयचं पान जपून काढलं आणि सगुणाच्या ताटात ठेवायला गेला. तर ताटात जागा नव्हती.

ताटात हिरव्या पानांचा ढीग होता. बारीक पानं, लालसर देठ.

"ही तर चिवळ!" भागोजी म्हणाला. "हे तण!"

"तुम्हीच आणून टाकत होतात की दारात. उपटून टाकली तरी ती मरत नाही, जिथे पडते तिथे मुळं धरते. मी चाखून बघितली. आंबट आहे, छान आहे. महिना झाला, रोज पोटभर खातेय. दाराशी जमीन कोरडी, चिवळीला पाणी कमी पडायला लागलं तेव्हा तुमच्या वाफ्याच्या बुडाशी नखाने जरा उकरत राहिले. आज आत तुमची धडपड ऐकली आणि फक्त शेवटचं खणलं."

"पोरं बघ कशी लाथा मारत्यात," सायाळमावशी पोटावर हात ठेवून म्हणाली. "सहा तरी हायेत."

भागोजीला एकदम रडू आलं. आनंदाने आणि थोडं रागाने.

"महिना झाला? आणि मला सांगितलं नाहीस? मी रोज मरत होतो तिकडे!"

सगुणाने चिवळीचा घास घेतला, शांतपणे चावून खाल्ला आणि मग म्हणाली:

"सांगितलं असतं, तर तुम्ही तिच्याभोवतीही कठडा बांधला असता."

भागोजीने हातातलं पान स्वतःच खाल्लं. चिखलाची चव लागली. बाहेरून मुंगसाची हाक आली, "भागोजीराव!" त्याचे कान सवयीने पडू लागले. सगुणाने मातीचा हात लांब करून ते दोन्ही वर धरले आणि हाक थांबेपर्यंत तसेच धरून ठेवले.

तात्पर्य : जंगलाचं भलं करायचं असेल, तर वाफा वाघाच्या तोंडाइतका उंच करावा; भाजी मिळत नाही, पण वाघ शाकाहारी होतो. घरच्यांचं भलं करायचं असेल, तर वीतभर पुरे. आणि दोन्ही एकदम करायची हौस असेल, तर आधी खणता येणारी बायको करावी.